कोस्केलांचा डावा कान

कॅनडातल्या थंडर बेच्या मुलींच्या फुटबॉल साखळीत सामना सुरू होण्याआधी पंच रेइनो कोस्केला एकच शब्द बोलत. "कान." तेवढ्यावर मुली रांगेत उभ्या राहात, दोन्ही हातांनी केस मागे घेत, आणि कोस्केला हात पाठीमागे बांधून एकेक कान बघत पुढे सरकत. धान्याच्या कोठारावर तीस वर्षं त्यांनी गहू तपासला होता. मूठभर दाण्यांतला एक किडका दाणा त्यांना चालता चालता दिसे. मग तेरा वर्षांच्या मुलीच्या पाळीतला टिकलीएवढा खडा सुटायचा प्रश्नच नव्हता.

नियम साधा होता. मैदानावर दागिना नको. चिकटपट्टीखाली झाकलेला दागिनाही नको. कोस्केलांच्या लेखी जगात कानांचे दोनच प्रकार होते, रिकामे आणि अपात्र. सबबींचे प्रकार मात्र त्यांना भरपूर ठाऊक होते. हे धर्माचं आहे, हे डॉक्टरांनी सांगितलंय, ही आजीची शेवटची आठवण आहे. ती आजी बहुतेक वेळा मागच्या बाकावर बसून बटाट्याचे वेफर्स खात असे.

त्या जून महिन्यात कॅसिडी नावाची कर्णधार पाळीला दुसरं भोक पाडून आली. वाढदिवसाची भेट म्हणून आईनंच पाडून दिलं होतं. कॅसिडी गोलरक्षक होती, आणि तिच्याशिवाय संघाचा गोल म्हणजे उघडं फाटक होतं. तिनं नम्रपणे सांगितलं, की सहा आठवडे हे काढता येत नाही, काढलं तर भोक बुजतं.

"मग बुजू दे," कोस्केला म्हणाले आणि पुढच्या कानाकडे वळले.

कॅसिडी बाकावर बसली, संघ पाच गोलांनी हरला, आणि तिच्या आईनं साखळीचे अध्यक्ष व्हर्न पेल्टिए यांना तीन पानी पत्र लिहिलं. व्हर्नना अशी पत्रं दरवर्षी येत. ते ती वाचत, मान हलवत आणि अंतिम सामना दुसऱ्याच कुणाला तरी देत. बावीस वर्षं कोस्केला साखळी सामने, उपउपांत्य सामने, पावसात पुन्हा खेळवायचे सामने सांभाळत होते. अंतिम सामना त्यांच्या वाट्याला एकदाही आला नव्हता. आपल्याला तो हवा आहे असं ते कुणाला बोलले नव्हते. फक्त दर ऑगस्टमध्ये ते काळे बूट पॉलिश करून ठेवत आणि सप्टेंबरमध्ये तसेच परत कपाटात ठेवत. त्यांची बायको मार्याता हे बघत असे आणि त्या आठवड्यात कॉफीबरोबर वेलदोड्याचा गोड पाव जरा जास्त देत असे.

आता कोस्केलांचं डोकं दुखायचं, ही गोष्ट घरात जुनी होती. डाव्या कानशिलात ठोके पडत, डोळ्यांपुढे नागमोडी रेघा नाचत. कॉफी सोडून बघितली, ती दोन दिवस सुटली. अंधाऱ्या खोलीत पडून बघितलं. औषधांनी पोट बिघडलं, डोकं तसंच राहिलं. मार्यातानं चर्चच्या स्वयंपाकघरात ऐकलं होतं, की कानाच्या आतल्या घडीत भोक पाडून कडी घातली की अर्धशिशी थांबते. तिथल्या एकीच्या भाचीची थांबली होती. मार्यातानं हे नवऱ्याला मे महिन्यात सांगितलं, जूनमध्ये सांगितलं आणि जुलैमध्ये दोनदा सांगितलं. प्रत्येक वेळी कोस्केला हसले. एकदा तर त्यांनी विचारलं, की गुडघ्यासाठी नाकात काही घालतात का.

इतकं हसून झाल्यावर माणसाची मोठी पंचाईत होते. उपाय करून बघावासा वाटला तरी करता येत नाही, कारण मग बायकोचं बरोबर होतं असं म्हणावं लागतं. म्हणून ऑगस्टच्या पहिल्या मंगळवारी कोस्केला लोखंडी सामान आणायला म्हणून बाहेर पडले आणि कान टोचण्याच्या दुकानात जाऊन बसले.

दुकान दवाखान्याहून स्वच्छ होतं. टोचणाऱ्या बाईचं नाव डेल्फीन. वय सव्वीस-सत्तावीस. तिच्या एका डाव्या कानात इतकं काही होतं, की कोस्केलांची नजर सवयीनं वरून खाली फिरली आणि मध्येच दमली. डेल्फीननं ते ओळखलं. समोर बसलेला माणूस अजाण आहे हे कळल्यावर तिनं स्वतःचाच कान नकाशासारखा पुढे केला आणि बोट ठेवून एकेक गाव दाखवलं.

खालची मऊ पाळी, तिथं तीन भोकं, तीन लहान खडे. मागून चपटी चकती, म्हणजे झोपताना टोचत नाही. वरच्या कडेला, जिथे आपण बुगडी घालतो तिथे, हेलिक्स. त्यात दोन बारीक कड्या, आणि एका कडीपासून पाळीपर्यंत केसासारखी साखळी. कानाच्या भोकासमोर जो लहानसा उंचवटा असतो तो ट्रेगस, त्यात सोन्याचा मणी. मधली खोल वाटी म्हणजे कॉंक, तिला वळसा घालून मोठी कडी. कानाच्या वरच्या भागात आडवी दांडी, तिला दोन भोकं लागतात, एक इकडे आणि एक तिकडे. शेवटी तिनं आतली घडी दाखवली. त्या घडीला डाइथ म्हणतात. कोस्केलांना हवी होती ती जागा हीच.

कोस्केलांनी बावीस वर्षांत काही हजार कान तपासले असतील. कानाला इतके भाग असतात हे त्यांना त्या दिवशी कळलं.

डेल्फीननं एक गोष्ट स्पष्ट सांगितली, की अर्धशिशी थांबेल असं वचन ती देत नाही. कुणाची थांबते, कुणाची नाही, पुरावा म्हणावा असा कुणाकडे नाही. हा प्रामाणिकपणा कोस्केलांना आवडला. त्याहून आवडला तो कागद. दोन्ही बाजूंनी छापलेला, कलमवार. टोचलेल्या जागी हात लावू नये. दिवसातून दोनदा मिठाच्या पाण्याचा फवारा मारावा. त्या कुशीवर झोपू नये. पूर्ण भरेपर्यंत, म्हणजे नऊ महिने, तलावात डुंबू नये, सॉनात, म्हणजे तापवलेल्या वाफेच्या खोलीत, बसू नये आणि कडी तासभरही काढू नये. कोस्केलांनी प्रत्येक कलमापुढे सही केली. छापलेल्या कागदाशी वाद घालणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. मग डेल्फीननं शाईचा ठिपका दिला, आरसा दाखवला, श्वास घ्यायला सांगितला, सोडायला सांगितला. सोडताना कोस्केलांच्या तोंडून त्यांच्या मायबोलीत, फिनिशमध्ये, एक शब्द निघाला. त्याचा अर्थ तिला कळला नाही, हे बरं झालं.

टायटॅनियमची लहानशी कडी बसली. दुसऱ्या दिवशी डोकं दुखलं नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. कोस्केला मनातून इतके खूश झाले, की गवत कापताना गुणगुणले. आणि कान कुणाला दिसू नये म्हणून डोक्यावर लोकरीची टोपी घालून, भर ऑगस्टात, गुणगुणले.

मार्याता हे खिडकीतून बघत होती.

शनिवारी संध्याकाळी सहाला तिचा भाऊ ताइस्तो टॉवेल घेऊन आला. गेली चौतीस वर्षं दर शनिवारी सहाला ताइस्तो आणि कोस्केला परसातल्या सॉनात बसत. कोस्केलांच्या मुलीचं लग्न होतं त्या शनिवारी बसले होते. बर्फाच्या वादळात दार उघडेना तेव्हा फावड्यानं वाट काढून बसले होते. ताइस्तोच्या घटस्फोटाच्या आदल्या दिवशीही बसले होते, आणि त्या दिवशी नेहमीपेक्षा एक बादली पाणी जास्त ओतलं होतं, एवढाच फरक. या शनिवारी कोस्केला म्हणाले, की मी येत नाही.

ताइस्तोनं टॉवेल खांद्यावरून उतरवला. "किती दिवस?"

"नऊ महिने. तसं सांगितलंय."

"कुणी सांगितलंय?"

"ज्यांना त्यातलं कळतं त्यांनी."

ताइस्तोनं पुढे काही विचारलं नाही. फिनिश माणूस दुसऱ्या फिनिश माणसाला सॉना का सोडला हे विचारत नाही, जसं आपण कुणाला पांढरी साडी का नेसलीस हे विचारत नाही. तो एकटाच सॉनात गेला, पाच मिनिटांत बाहेर आला आणि स्वयंपाकघरात बहिणीजवळ जाऊन बसला. मार्यातानं तिला दिसलेलं सांगितलं. टोपी झोपतानाही निघत नाही. एकाच कुशीवर झोपतो. सकाळ-संध्याकाळ न्हाणीघराला आतून कडी लावतो आणि आत फुसफुस आवाज येतो. काय झालं विचारलं तर म्हणतो काही नाही. ताइस्तोनं डोळे मिटले. त्यांच्या वडिलांनीही शेवटच्या उन्हाळ्यात काही नाही असंच म्हटलं होतं.

मार्याता रडली. मग तिनं आपल्या धाकट्या बहिणीला सांगितलं, कुणाला बोलू नकोस या अटीवर. बहिणीनं चर्चच्या स्वयंपाकघरात सांगितलं, त्याच अटीवर. ती अट पुढे कुणीच मोडली नाही. प्रत्येकीनं ती जशीच्या तशी पुढे दिली.

बुधवारपासून जेवण येऊ लागलं. काचेच्या भांड्यांत बटाटा-मांसाचे थर, माशाचं दुधातलं सूप, मॅकरोनी, पुन्हा मॅकरोनी. झाकणावर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर नाव, म्हणजे भांडं परत करायला सोपं. पण आणणारी प्रत्येक बाई दारात हळू आवाजात म्हणे, की भांड्याची घाई नाही. कोस्केलांना वाटलं, मार्यातानं चर्चमध्ये पुन्हा काहीतरी जिंकलं असेल. ते रोज नवं भांडं उघडत आणि दोनदा वाढून घेत. आणि मार्याता डोळ्यांना रुमाल लावून म्हणे, "भूक अजून आहे, हे किती चांगलं."

शुक्रवारी व्हर्न पेल्टिए स्वतः घरी आले. फोनवरही काम भागलं असतं, पण ते आले, ओसरीवर उभे राहिले आणि स्वतःची टोपी काढून हातात फिरवू लागले. कोस्केलांची टोपी डोक्यावरच होती. व्हर्ननी तिच्याकडे एकदा बघितलं आणि नजर तलावाकडे वळवली. मग त्यांनी सांगितलं, की समितीनं एकमतानं ठरवलंय, पुढच्या शनिवारचा अंतिम सामना कोस्केलांनी खेळवावा.

"एकमतानं?" कोस्केलांनी विचारलं.

"एकानंही हात खाली ठेवला नाही." व्हर्न हातातल्या टोपीशी बोलल्यासारखं म्हणाले. "हे आधीच व्हायला हवं होतं, रेइनो. आम्ही सगळे चुकलो."

अखेर यांना निष्पक्षपणाची किंमत कळली, असं कोस्केलांना वाटलं. त्यांनी व्हर्नचा हात हातात घेतला आणि मोठ्या मनानं सांगितलं, की झालं ते झालं, मी मनात ठेवलेलं नाही. हे ऐकल्यावर व्हर्नना तिथे थांबवेना. ते गाडीत जाऊन बराच वेळ नुसतेच बसले.

कोस्केलांनी बूट काढले, पॉलिश केले, आणि प्रत्येक सामन्याआधी वाचत तसं नियमपुस्तक वाचायला घेतलं. नियम एक, नियम दोन. चौथ्या नियमात खेळाडूंनी दागिने घालू नयेत हे होतंच. पाचव्या नियमापाशी त्यांचं बोट थांबलं. मैदानावरील पंचांनीही दागिने घालू नयेत. ही ओळ त्यांनी बावीस वर्षं वाचली होती, तोंडपाठ होती, दर मे महिन्यात मुलींच्या वर्गात ते ती शिकवतही. पण ती आपल्याला उद्देशून लिहिली आहे असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. उपदेशाच्या ओळींचं असंच असतं.

त्यांनी कागद आणि पुस्तक टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं. एक छापील कागद म्हणत होता, काढू नये. दुसरं छापील पुस्तक म्हणत होतं, घालू नये. ज्या माणसानं आयुष्यभर छापलेलं सगळं पाळलं, त्याच्यावर ही वेळ यावी. त्यांनी सबबी शोधायला सुरुवात केली. हा दागिना नाही, उपचार आहे. हा बाहेरून दिसत नाही, म्हणजे जवळपास नाहीच. यानं कुणाला इजा होणार नाही. चौथ्या सबबीपर्यंत त्यांच्या लक्षात आलं, की यातली प्रत्येक आपण ऐकलेली आहे, आणि सांगणाऱ्या मुलींनी ती जास्त चांगली सांगितली होती.

गुरुवारी ते डेल्फीनकडे गेले. दीड-दोन तासांपुरती कडी काढून पुन्हा घालता येईल का, एवढंच त्यांनी विचारलं. तिनं बॅटरीच्या उजेडात कान बघितला आणि मान हलवली. इतकी ताजी जखम तासाभरात आवळते. मग पुन्हा टोचायचं तर आधी भरेपर्यंत काही महिने थांबायचं. फार तर काचेची पारदर्शक काडी घालून देते, लांबून दिसत नाही.

"नियमात पारदर्शक चालत नाही," कोस्केला म्हणाले.

"माहीत आहे. तुम्हीच सांगितलं होतं."

कोस्केलांनी तिच्याकडे बघितलं. डेल्फीन हातमोजे काढत शांतपणे म्हणाली, "मी तेरा वर्षांची होते. उपउपांत्य सामना. वरच्या कडेचं हे भोक चार दिवसांचं होतं. मी म्हटलं, सर, काढलं तर बुजेल."

"मग मी काय म्हटलं?"

"तुम्ही म्हटलं, मग बुजू दे."

 मग त्यांनी विचारलं, की तू पहिल्याच दिवशी ओळखलं होतंस का. ती म्हणाली, ओळखलं होतं की. सुई जरा जपूनच घातली, नाहीतर लोक म्हणाले असते मुद्दाम केलं.

बाहेर गाडीत बसून कोस्केलांनी हिशेब लावला. सोळा दिवसांपैकी एकही दिवस डोकं दुखलेलं नव्हतं. दुसरीकडे बावीस वर्षांची वाट होती. कडी काढली तर डोकं पुन्हा दुखणार, सांगितलं तर सामना जाणार. धान्याचा जो तपासनीस एक किडका दाणा सोडत नसे, त्यानं त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा ठरवलं, की हा एक दाणा सोडून द्यावा. टोपी घालून जायचं. पंचाच्या टोपीबद्दल नियमपुस्तकात एक अक्षर नाही.

शनिवारी मैदानावर एवढी माणसं जमली होती, की मुलींनाही आश्चर्य वाटलं. चर्चच्या सगळ्या बायका होत्या. कोठारावरचे जुने सोबती होते, त्यांतल्या दोघांना फुटबॉलमध्ये बास्केट कुठे असते हे माहीत नव्हतं. ज्या आयांनी पत्रं लिहिली होती त्या रांगेनं उभ्या राहून कोस्केलांशी हात मिळवत होत्या. कॅसिडीच्या आईनं तर त्यांना मिठी मारली आणि म्हणाली, की जूनमध्ये जे लिहिलं ते मनापासून नव्हतं. कोस्केलांनी तिला सांगितलं, की पत्र चांगलं होतं, फक्त तिसरं पान अनावश्यक होतं. बाई हसत रडल्या. एकाच दिवसात एवढं कौतुक झाल्यावर कोस्केलांना वाटू लागलं, की अंतिम सामन्याच्या पंचाला हे सगळं बहुधा दरवर्षीच मिळत असावं.

ऊन चांगलं तापलं होतं. लोकरीच्या टोपीखालून घाम ओघळत होता. कोस्केला मध्यावर आले आणि म्हणाले, "कान."

दोन्ही संघांनी केस मागे घेतले. कोस्केला हात पाठीमागे बांधून निघाले. रिकामा, रिकामा, रिकामा. शेवटी कॅसिडी होती. जूनमधल्या भोकाच्या जागी आता फक्त एक फिकट ठिपका राहिला होता. तिचेही कान रिकामे होते. कोस्केला वळणार तेवढ्यात ती म्हणाली, "सर, तुमचे?"

 तिच्या आईनं दात आवळून सांगितलं, की कॅसिडी, आज नाही, सरांना बरं नाहीये. कॅसिडी गोंधळली, पण मागे हटली नाही.

"पण आई, पाचवा नियम आहे. पंचांचेही बघायचे असतात. सरांनीच शिकवलंय."

कोस्केला तिच्याकडे बघत राहिले. दर मे महिन्यात ते साठ-सत्तर मुलींना नियम शिकवत. बहुतेकींचं लक्ष खिडकीबाहेर असे, आणि चौथ्या नियमानंतर तर निम्म्या जणी वेण्या घालत बसत. पाचवा नियम कुणीतरी ऐकला होता. ज्यानं कधी मुलांना शिकवलं आहे त्यालाच कळेल, की अशा वेळी अंगावर काय येतं. अभिमान वाटून घ्यावा की पळून जावं, हे समजत नाही.

त्यांनी टोपी काढली आणि डावा कान तिच्यापुढे केला.

कॅसिडीनं हात पाठीमागे बांधले, वाकली आणि बघितलं. "डाइथ," ती म्हणाली. "छान बसलीय. किती दिवस झाले?"

"अठरा."

"मग काढू नका, सर. बुजेल." मग जरा थांबून ती म्हणाली, "पण खेळवता नाही येणार."

"नाही येणार," कोस्केला म्हणाले. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली, बाजूला उभ्या असलेल्या व्हर्नच्या हातात ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात निर्णय दिला, की पंच अपात्र आहे. बावीस वर्षांतला हा त्यांचा एकच निर्णय, ज्यावर कुणी पत्र लिहिलं नाही.

व्हर्न शिट्टी हातात धरून तसेच उभे होते. त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे तुला… ते… नेमकं काय झालंय?"

"डोकं दुखायचं."

"आणि आता?"

"आता नाही दुखत."

ही बातमी बाकांवरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेली. तिच्या मागोमाग बायकांचे चेहरे बदलत गेले. मॅकरोनीवालीनं सूपवालीकडे बघितलं. ताइस्तो उभा राहिला, चार पावलं पुढे आला, कान बघितला आणि म्हणाला, की मी दोन शनिवार एकटा बसलो. एवढं बोलून तो परत जाऊन बसला. त्याच्या मानानं हे मोठं भाषण होतं.

मार्याता शेवटी आली. तिनं नवऱ्याची हनुवटी धरून मान उजेडाकडे वळवली आणि ती कडी पुष्कळ वेळ निरखली. तिच्या डोळ्यांतलं पाणी बघता बघता आटलं.

"मे महिन्यात कोण म्हणालं होतं?" तिनं विचारलं.

"तू."

"आणि जूनमध्ये?"

"तूच. जुलैमध्ये दोनदा."

"घरी चल, मग बघते," मार्याता म्हणाली. पण घरी जायच्या आधी सामना होता, म्हणून ती त्यांच्या शेजारी बाकावर बसली.

सामना व्हर्ननी खेळवला. फार वाईट खेळवला. त्यांना ऑफसाइड दिसत नव्हता आणि धावता येत नव्हतं. कोस्केला बाकावर बसून प्रत्येक चूक मनातल्या मनात मोजत होते, आणि मनातल्या मनात ठेवणं त्यांना जड जात होतं. कॅसिडीनं एक पेनल्टी अडवली. ती पेनल्टी मुळात द्यायलाच नको होती. तिचा संघ एका गोलानं जिंकला.

मग बक्षीस समारंभाची वेळ झाली आणि व्हर्नच्या चेहऱ्यावर भीती दिसू लागली. टेबलावर चषक होता आणि त्यावर कापड होतं. व्हर्ननी बारीक आवाजात सुचवलं, की या वर्षी चषक कापडासकटच द्यावा, नंतर घरी पाठवता येईल. मुलींनी ऐकलं नाही. कापड ओढलं गेलं. चकचकीत नवा चषक होता, आणि त्यावर ठसठशीत अक्षरांत कोरलेलं होतं: रेइनो कोस्केला स्मृतिचषक. खाली जन्मवर्ष, मग एक आडवी रेघ, आणि रेघेपुढे मोकळी जागा.

 कोस्केलांनी खिशातून चष्मा काढला, टेबलापाशी आले आणि अथपासून इतिपर्यंत वाचलं. मग एकदा बोट फिरवून वाचलं.

"जन्मवर्ष बरोबर आहे," ते म्हणाले. "पुढचं राहिलंय."

"ते आम्ही… नंतर घालणार होतो," व्हर्न म्हणाले. "कोरणारा म्हणाला, परत घेत नाही. काय करायचं ते तू सांग, रेइनो. झाकून टाकू?"

कोस्केलांनी विचार केला. कोरलेली अक्षरं खोल होती, रेषेत होती आणि समितीच्या ठरावानं कोरलेली होती. त्यात खोडाखोड करणं त्यांना पटेना. राहू दे, ते म्हणाले, समितीचा ठराव आहे. मग त्यांनी चषक दोन्ही हातांनी उचलून कॅसिडीला दिला, तिचं अभिनंदन केलं आणि फोटोवाल्याला वाट करून देत बाजूला झाले.

मुलींनी ओरडा केला, सर, मध्ये या. कोस्केला हलले नाहीत.

"स्मृतिचषक आहे," त्यांनी गंभीरपणे समजावलं. "त्याच्या फोटोत मी जिवंत दिसणं बरोबर नाही."

कॅसिडीनं मार्याताकडे बघितलं. मार्याता उठली, नवऱ्याजवळ आली, त्यांचा उजवा कान दोन बोटांत पकडला आणि त्यांना तसंच ओढत नेऊन चषकाच्या बरोब्बर मागे उभं केलं. फोटोवाल्यानं कळ दाबली तरी तिनं कान सोडला नव्हता. म्हणून साखळीच्या कार्यालयात जो फोटो लागला आहे, त्यात सगळ्या मुली सरळ उभ्या आहेत आणि कैलासवासी तेवढे उजवीकडे कलले आहेत.